नवीन इतिहासाची पुस्तकं आलीत, पण आपलं गाव सापडत नाही

ताई, तुमच्या कॉलेजच्या संशोधन ग्रंथालयात इतिहासाची साठेक नवीन पुस्तकं आलीत, दाखल रजिस्टरात चढलीत, वर्गांकही (विषयानुसार रॅकवरची जागा ठरवणारे आकडे) पडले. तरी वाचक "आमच्या भागाचं काहीच नाही" म्हणून परत जातात, असं तुम्ही लिहिलं. आपला विदर्भाचा भाग त्या पुस्तकांत आहे. फक्त जुन्या नावांनी आहे.

मी ग्रंथपाल असताना दर्यापूरकडचे एक गुरुजी आपल्या तालुक्याचे १८८१च्या जनगणनेचे आकडे शोधायला आले होते. दोन दिवस आम्ही दोघं अमरावती जिल्ह्याची पानं चाळत बसलो. गुरुजी रिकाम्या हातानं गेले, त्याचं मला अजून वाईट वाटते. तेव्हा दर्यापूर एलिचपूर जिल्ह्यात होतं, म्हणजे आजच्या अचलपूरच्या. तो जिल्हा १९०५ साली मोडून अमरावतीत घातला. त्याच साली बासिम, म्हणजे आजच्या वाशिमचा, जिल्हाही मोडला: वाशिम, मंगरूळ अकोल्याकडे गेले, पुसद यवतमाळकडे. आणि यवतमाळ जिल्ह्याचं त्याआधीचं नाव वून, म्हणजे आपलं वणी. पुसदचा मुलगा १८९०चा दुष्काळ-पाणी, कापूस काहीही शोधत असला, तर त्याला बासिमच पाहावं लागते.

पूर्वेकडे चांदा, म्हणजे आजचं चंद्रपूर, ध्यानात ठेवा. गडचिरोली १९८२ साली वेगळा जिल्हा झाला, त्याआधीचं सगळं चांद्यात. गोंदियाचं भंडाऱ्यात.

"विदर्भ" हा शब्द तर इंग्रजी पुस्तकांच्या सूचीत क्वचितच भेटते, तिथे पश्चिमेकडच्या भागासाठी "बेरार", म्हणजे वऱ्हाड, पाहायचं. वऱ्हाड निजामाचं होतं. १८५३च्या तहानं कारभार इंग्रजांकडे गेला तरी मालकी निजामाचीच राहिली. म्हणून हैदराबाद संस्थानावरच्या पुस्तकात वऱ्हाडाचं अख्खं प्रकरण निघते, पण पुस्तक बसते हैदराबादच्या वर्गांकावर, दुसऱ्या रॅकवर. आपला वाचक तिकडे कशाला जाईल?

माझी पद्धत सांगतो. पुस्तक रॅकवर जायच्या आधी शेवटची नामसूची उघडायची. आपल्या भागातलं गाव दिसलं की एका जाड वहीत आजचं नाव, पुस्तकातलं नाव, दाखल क्रमांक आणि पान लिहायचं. वही मराठी अक्षरक्रमानं ठेवा, कारण इंग्रजी स्पेलिंगचा भरवसा नाही. जुन्या कागदांत अमरावती "ओ"खालीही निघते. एका पुस्तकाला तास-दीड तास जातो. तळटिपाही पाहा: १९०८चं यवतमाळ, १९१०चं अकोला, १९११चं अमरावती गॅझेटियर (जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ) कोणत्या पानासाठी वापरलं ते कळलं, की वाचकाला मूळ पानापर्यंत नेता येते.

वर्गांक बदलत बसू नका, ते बरोबर आहेत. यादीत तुम्ही हैदराबादवरची तीन पुस्तकं दिलीत ना, वही त्यांच्यापासूनच सुरू करा.