वाचकांचे प्रश्न : मैत्री, प्रेम आणि मधलं गेलेलं माणूस

या वेळी एकाच विषयावर इतकी पत्रं आली की बाकीचे प्रश्न सरळ पुढच्या अंकात ढकललेत. विषय म्हणजे त्या कादंबऱ्या, ज्यात कुणीतरी गेलेलं असतं, मागे राहिलेलं माणूस पार कोलमडलेलं असतं आणि जुना मित्र नाहीतर मैत्रीण हळूहळू… पुढचं तुम्हाला माहितीये.

प्रश्न : ताई, नुकतीच एक कादंबरी संपवली. नायिकेचा नवरा अपघातात जातो, त्याचा जिगरी दोस्त तिला सावरतो आणि शेवटी दोघं एकत्र येतात. मी ढसाढसा रडले, पण पुस्तक मिटल्यावर चिडचिडच झाली, कुणीतरी फसवल्यासारखी. माझं काही चुकतंय का?

उत्तर : अजिबात नाही. मला वाटतं तुला त्या नवऱ्यासाठी वाईट वाटतंय. तो मेला म्हणून नाही, लेखकाने त्याला पहिल्या चॅप्टरनंतर वाऱ्यावर सोडलं म्हणून. आठवून बघ, तो कशावरून चिडायचा, कंजूष होता की उधळ्या, भांडण झालं की गप्प बसायचा की दार आपटायचा, यातलं काही आठवतंय? बहुतेक नाहीच आठवणार, कारण त्याला जाण्यापलीकडे कादंबरीत काही कामच दिलं नव्हतं.

इथे लेखक दोन पळवाटा काढतात. एक म्हणजे गेलेल्याला देव करून टाकायचं, इतका चांगला की त्याची आठवणसुद्धा गुळगुळीत होते. दुसरी याहून वाईट, अर्ध्या पुस्तकात जुन्या फोनमध्ये भलतेच मेसेज सापडतात, म्हणजे नवरा तसाच होता, म्हणजे आता नायिका मोकळी आणि वाचकही मोकळा. स्पष्टच सांगते, ही सगळ्यात आळशी युक्ती. खरी अडचण तर तेव्हाच असते जेव्हा नवरा ठीकठाक माणूस होता, तिचं त्याच्यावर प्रेम होतं, अजून आहे, आणि तरीही हा दुसरा आवडायला लागलाय.

आणि त्या दोस्ताचं काय? त्याचाही मित्र गेलाय ना! पण तो पहिल्या दिवसापासून खंबीर, हिची बिलं भर, हिच्या मुलांना शाळेत सोड, स्वतः एकदाही मोडून पडत नाही. नवरा गेला की बायकोला भेटायला माणसं येतात, मित्र गेला की मित्राला चार दिवसांनी ऑफिसात कुणी विचारतही नाही. अमेरिकेतले दुःखाचे अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये यावर एक पुस्तकच काढलं, ज्या दुःखाला समाज दुःख म्हणून मान्यताच देत नाही त्याच्याबद्दल. असं दुःख आत साचत राहतं, ते बोलायला जागाच नसते. आता ही गोष्ट कादंबरीत आणली की बघ काय होतं, तो तिला सावरायला येतो असं न राहता तो तिच्याकडे येतो कारण ज्याच्यासमोर गेलेल्याचं नाव उघडपणे घेता येईल असं जगात एकच माणूस उरलंय. इथून जे प्रेम सुरू होतं त्यात मला फसवल्यासारखं वाटत नाही.

प्रश्न : मी पहिली कादंबरी लिहितोय, याच प्रकारची. दुःखाचे पाच टप्पे धरून पाच भाग केलेत, नकार, राग, सौदेबाजी, नैराश्य, स्वीकार. पाचव्या भागात नायक मैत्रिणीला मनातलं सांगतो. आराखडा बरोबर आहे का?

उत्तर : दिसायला छान, पण असं लिहिलंस की वाचकाला दहाव्या पानावरच शेवट दिसेल. मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांनी हे टप्पे १९६९ मध्ये मांडले ते मुळात स्वतः मरणाच्या दारात असलेल्या पेशंटांशी बोलून. मागे राहिलेल्यांना ते नंतर चिकटवले गेले आणि टप्पे क्रमानेच येतात असं नाही हे पुढे त्यांनी स्वतःच म्हटलंय. लोकांना मात्र जिना सापडला, चढत जायचं आणि वर पोचलं की झालं.

तुझ्या कामाचं असं सांगते. मार्गारेट श्ट्रोब आणि हेंक शुट या संशोधकांनी १९९९ मध्ये एक वेगळं मॉडेल मांडलं, त्यात माणूस दोन टोकांमध्ये येरझाऱ्या घालतो. कधी गेलेल्याच्या दुःखात बुडालेला असतो तर कधी बँकेची कामं, नवीन वेळापत्रक, जी कामं ते माणूस करायचं ती आता स्वतः शिकणं यात. मधूनमधून दोन्हीतून सुट्टीही घेतो. आणि हे आत-बाहेर होणं बिघाड नाहीये, सावरणं असंच होतं.

आता हे सीनमध्ये टाक. समज तुझा नायक दुपारभर मैत्रिणीबरोबर कपाट हलवतोय, स्क्रू सांडलेत, दोघं हसतायत, बऱ्याच दिवसांनी तो पोट धरून हसतोय. मग ती हात धुवायला बाथरूममध्ये जाते आणि तिला ग्लासात दोन टूथब्रश दिसतात, एकाचे केस कोरडे, कडक झालेले. ती काही बोलत नाही, ग्लासाला हातही लावत नाही, बाहेर येऊन विचारते की चौथा स्क्रू सापडला का. पण तिचा चेहरा बघून त्याला कळतं की तिने बघितलंय, आणि संध्याकाळ तिथेच संपते, तो एकदम तुटक वागायला लागतो, तिला घरी जायला सांगतो. एका दुपारीत दोन्ही टोकं आली, पाच भागांची गरज पडली नाही. ती ब्रशबद्दल बोलली नाही यात तिचं प्रेमही कळलं, आय लव्ह यू न म्हणता. आणि हो, ब्रश शेवटच्या पानावर फेकून वगैरे देऊ नकोस प्लीज, ते सगळेच करतात.

प्रश्न : मैत्रीतून प्रेम खऱ्या आयुष्यात होतं का हो, की पुस्तकातच?

उत्तर : भरपूर होतं. कॅनडातल्या डॅनू अँथनी स्टिन्सन आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये एक अभ्यास छापला, कॅनडा-अमेरिकेतल्या जवळपास १९०० लोकांची माहिती होती, त्यातल्या साधारण दोन तृतीयांश लोकांचं नातं आधी मैत्री आणि मग प्रेम असंच सुरू झालेलं. विद्यार्थ्यांमध्ये तर मैत्रीचा काळ सरासरी २२ महिन्यांच्या आसपास निघाला. गंमत म्हणजे संशोधकांचं लक्ष तोवर बहुतेक अनोळखी माणसांमधल्या आकर्षणाकडेच होतं. म्हणजे कादंबऱ्या लिहिणाऱ्यांना हे आधीपासून माहीत होतं म्हणायचं.

प्रश्न : नवरा गेल्यावर नायिकेने किती दिवसांनी प्रेमात पडावं म्हणजे वाचकांना खटकणार नाही? सहा महिने कमी वाटतात का? माझ्या मैत्रिणी म्हणतात वर्ष तरी हवंच.

उत्तर : तुमच्या मैत्रिणींना कुठल्याही आकड्यावर खटकणारच आहे, त्यामुळे आकडा सोडा. वर्षाचा हिशोब डॉक्टरांच्या पुस्तकात आहे खरा, अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या २०२२ च्या यादीत लांबलेल्या दुःखाचा आजार घातलाय, मोठ्या माणसांसाठी निदान किमान १२ महिन्यांनंतर, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत हीच मर्यादा ६ महिने. पण ते कधी मदतीची गरज आहे हे ठरवायला, कुणाला कधी कुणी आवडावं याला नाही.

वाचकाला खटकतं ते वेगळंच, नायिकेला अपराधी वाटायला लावतात आणि मग मित्र एक भाषण देतो, "तो असता तर त्यालाही हेच हवं असतं," की लगेच अपराधीपणा गायब! मेलेल्या माणसाच्या नावाने परवानगी काढायची ही सवय मला भयंकर खटकते. त्याला काय हवं असतं कुणाला माहीत, कदाचित तो जाम जळला असता. त्यापेक्षा तिला परवानगीशिवायच प्रेम करू द्या, अपराधीपणा सोबत घेऊन. पूर्वी समजूत अशी होती की गेलेल्यातून मन सोडवलं तरच पुढे जाता येतं, फ्रॉइडने १९१७ मध्ये साधारण तसंच मांडलेलं. पण १९९६ मध्ये क्लास, सिल्व्हरमन आणि निकमन या अभ्यासकांनी दाखवून दिलं की पुष्कळ माणसं नातं तोडत नाहीत, बदलून ठेवतात, मनातल्या मनात बोलतात, त्याच्या पद्धतीने निर्णय घेतात, आणि तरी ठीक जगतात. म्हणजे तुमच्या नायिकेला एकाची जागा रिकामी करून दुसऱ्याला द्यायचीच नाहीये. तारखा मात्र विसरू नका. वाढदिवस, गेल्याचा दिवस, या दिवशी सावरलेलं माणूसही ढासळतं, आणि नवीन नातं त्या दिवशी कसं वागतं यावर एक अख्खं प्रकरण होईल.

प्रश्न : मी पुरुष आहे, वय झालंय, पत्नी जाऊन दोन वर्षं झाली. असल्या प्रेमकथा लपून वाचतो आणि रडतो. हे बरं की वाईट?

उत्तर : वाचा हो, आणि लपून कशाला? पुस्तकात रडायला कारण द्यावं लागत नाही, बाहेर प्रत्येकाला समजावत बसावं लागतं. एवढं मात्र बघा, वाचून झाल्यावर जेवण होतंय का, झोप लागतेय का, कुणाचा फोन आला तर उचलावासा वाटतो का. हे तिन्ही बऱ्याच दिवसांपासून बंद असेल किंवा तिच्यामागे जावं असे विचार येत असतील तर आजच जवळच्या कुणाला सांगा आणि डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला भेटा, पुस्तक तिथे पुरणार नाही. आणि तसं नसेल तर एखादी कादंबरी पत्नीला ओळखणाऱ्या एखाद्या जुन्या मित्राला वाचायला द्या. प्रेमात पडायला नाही हो, पुस्तकाच्या निमित्ताने तिच्याबद्दल बोलायला.

प्रश्न : मी शेवटचं पान आधी वाचते. मैत्रिणी हसतात. हा गुन्हा आहे का?

उत्तर : या प्रकारात तर मुळीच नाही. प्रेमकथा म्हणून विकलेल्या पुस्तकात शेवट आशादायक असणार हे ठरलेलंच असतं, अमेरिकेतल्या रोमान्स लेखकांच्या संघटनेने तर व्याख्येतच ते घातलंय. ज्याला आधीच एक माणूस गमावल्याचं माहितीये त्याला दुसरं जाणार नाही एवढी खात्री करून घ्यावीशी वाटली तर बिघडलं कुठे. फक्त शेवट बघून पुस्तक परत ठेवू नका, मधली पानं लिहायला जास्त त्रास होतो.