पावणेदोनची एसटी

सोलापूर,
श्रावणातला दुसरा सोमवार

बाळ,
अनेक आशीर्वाद.

नेमणुकीची बातमी सांगताना तुझा आवाज एटीकेटी लागल्यासारखा येत होता. तासिका तत्त्वावर का होईना, ज्या विषयात एम.ए. केलंस, प्राध्यापकीसाठीची सेट परीक्षा काढलीस, तोच विषय शिकवायला मिळाला. तरी 'सर, बी.ए.च्या पहिल्या वर्षाला इतिहासाला अकराच मुलं आहेत' हे तू तीनदा म्हणालीस. तिसऱ्यांदा तर अकराच्या आधी 'फक्त' लावलंस. फोनवर मला नीट बोलता येत नाही, कानातलं यंत्र शिट्टी मारतं. म्हणून लिहायला बसलो. सिद्धेश्वराच्या दर्शनाला आज घरातली सगळी गेलीत, तेवढी शांतताही आहे.

तू शहरातली. घरापासून रिक्षानं कॉलेज, पुढं विद्यापीठात पी.जी., तिथं निवृत्तीनंतर तासाला येणारा मी. माझ्या जुन्या कॉलेजच्या दोन थांबे पुढं आता तुझं कॉलेज आहे. त्या रस्त्यावर मी तेहतीस वर्षं काढली, म्हणून हा आगाऊपणा.

पहिल्या दिवशी वेळापत्रक मागून घे. कॉलेजचं नव्हे, एसटीचं. प्राचार्यांना भेटून झालं की थेट स्टँडवर जा, कंट्रोलरच्या खिडकीशी उभी राहा आणि तुझ्या मुलांच्या गावच्या गाड्या वहीत उतरवून घे. कुठल्या गावची मुक्कामी गाडी सकाळी किती वाजता सुटते, कुठली बंद झालीय, कुठल्या गावाला गाडीच नाही. आपल्याकडं आर्ट्स कॉलेज घंटेवर चालत नाही.

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एक मुलगी रोज पहिल्या तासाला वीस मिनिटं उशिरा यायची. एके दिवशी मी तिला दारातच थांबवलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, 'घरात घड्याळ नाही का?' ती काही बोलली नाही. आठवड्याभरानं यायची बंद झाली. महिन्यानं त्याच गावची दुसरी मुलगी म्हणाली, 'सर, आमची मुक्कामी गाडी बंद झाली की. ती वडापच्या जीपनं यायची, आणि वडाप भरल्याशिवाय हलत नाही.' मी रविवारी त्या गावी गेलो तर तिच्या दारात मांडव पडला होता. माझ्या त्या एका वाक्यामुळंच लग्न ठरलं असं मी म्हणत नाही. स्थळ आधीच आलेलं असेल. पण कॉलेजचं कारण पुढं करून आणखी दोन वर्षं थांबवता आलं असतं. ते कारण मी काढून घेतलं.

त्यानंतर पहिल्या तासाची पहिली पंधरा मिनिटं मी नवं काही शिकवलं नाही. कालचंच कुणाकडून तरी वदवून घ्यायचं, पेपरातली एखादी बातमी वाचायची. आणि शेवटच्या तासाला पावणेदोनची गाडी असते. सव्वा वाजल्यानंतर मुलांचे डोळे फळ्यावर आणि कान स्टँडकडं. तेव्हा महत्त्वाचा मुद्दा काढू नकोस, तो गाडीच्या हॉर्नमध्ये जातो.

तुझ्या अकरांतली दोन-तीनच इतिहास आवडतो म्हणून आलेली असतील. काही मुलींना गावाजवळ हेच कॉलेज म्हणून घरच्यांनी पाठवलं असेल. काही मुलं पोलीस भरतीची. ती मागच्या बाकावर पेंगतील. त्यांना टोमणा मारू नकोस. पहाटे पाचला ग्राउंडवर पळून, घरी धारा काढून आलेली असतात ती. माघात ज्वारीची काढणी लागली की वर्ग निम्मा होईल. हजेरीपटावर तांबडी शाई ओढायच्या आधी विचारत जा, कुणाच्या रानात काय चाललंय.

आता तुझ्या 'फक्त अकरा'कडं येतो. मी लागलो तेव्हा माझ्यासमोर नव्वद मुलं होती. मी काय करायचो? नोट्स सांगायचो. 'लिहून घ्या, पूर्णविराम.' नव्वद पेनांची कुरकुर ऐकून वाटायचं, काय जोरात अध्यापन चाललंय! त्यांतल्या एकाचंही स्वतःचं वाक्य मी वाचलं नाही, परीक्षेचे पेपर सोडले तर. आणि पेपरात तर माझीच वाक्यं परत यायची, थोडी मोडकी होऊन. निवृत्तीच्या वर्षी वर्गात चौदा होते. दर पंधरा दिवसांनी प्रत्येकाकडून एक पान लिहून घ्यायचो आणि एका संध्याकाळी सगळी वाचून व्हायची. मला वाटतं, मी शिक्षक झालो तो त्या शेवटच्या काही वर्षांत.

म्हणून एवढं एकच काम धरून ठेव, बाकीचं सुटलं तरी चालेल. पंधरा दिवसाला एक पान. विषय पुस्तकातला नको, गाईडमधून उतरवता येणार नाही असा हवा. 'आमच्या गावाचं नाव असं का पडलं', 'आमच्या घरातली सगळ्यांत जुनी वस्तू', 'आजीनं पाहिलेला दुष्काळ'. बहात्तरच्या दुष्काळाबद्दल विचार. तेव्हा वाटलेल्या सुकडीची चव सांगणारी माणसं अजून गावोगाव आहेत. पहिल्यांदा चार ओळी येतील, त्याही 'प्राचीन काळापासून' अशा सुरू होणाऱ्या. लाल पेनानं शुद्धलेखन खोडत बसू नकोस. कडेला एक प्रश्न लिही: हे तुला कुणी सांगितलं? त्यांना कसं माहीत? दुसऱ्या पानात त्या प्रश्नाचं उत्तर शोधून येतं. इतिहासाची पद्धत म्हणून तू पी.जी.ला जो पेपर घोकलास, तो हाच.

आणि साहित्याला आपल्या जिल्ह्यात तोटा नाही. मुलांना विचार, सोलापुरात चार पुतळे कुठं आहेत. सगळ्यांना माहीत असतं, रिक्षावाल्याला सांगायची खूण आहे ती. मग विचार, ते चौघं कोण. वर्ग गप्प होतो. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. मे १९३० मध्ये सोलापुरात लष्करी कायदा पुकारला गेला, पोलिसांच्या हत्येचा ठपका या चौघांवर ठेवला आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात त्यांना फाशी दिली. ही नावं फळ्यावर लिही आणि थोडा वेळ थांब. आडनावांकडं बघून मुलं आपणहून काहीतरी बोलतील. बोलू दे. लगेच खाली 'राष्ट्रीय एकात्मता' असं लिहून तो विषय मारू नकोस. लष्करी कायदा सोलापुरातच का लागला, गिरण्यांचा त्याच्याशी काय संबंध, हे विचार. एखाद्याचा पणजा जुन्या गिरणीत होता असं निघेल, आणि मग तुला त्या तासाला फार बोलावं लागणार नाही.

दुसरी जागा हत्तरसंग कुडल. भीमा आणि सीना जिथं मिळतात तिथलं, दक्षिण सोलापूर तालुक्यातलं. लोक तिथलं बहुमुखी शिवलिंग बघून परत येतात. तू मुलांना संगमेश्वराच्या देवळातल्या तुळईवरचा लेख दाखव, शके ९४०चा, म्हणजे १०१८ चा. 'वाछि तो विजेया होईवा.' जो वाचील तो विजयी होईल. सर्वांत जुन्या मराठी लेखांत तो धरतात. श्रवणबेळगोळचा आधीचा की हा, अलिबागजवळच्या आक्षीचा शके ९३४ चा मानायचा की नाही, यावर अभ्यासकांची भांडणं आहेत, तीही मुलांना सांग. त्यांना वाटतं इतिहास म्हणजे ठरून गेलेली गोष्ट. आणि हा लेख उजेडात आणला तो आनंद कुंभार यांनी. ते कुठल्या विद्यापीठात प्राध्यापक नव्हते. आपली नोकरी सांभाळून जिल्ह्यातल्या गावोगावच्या पाराशी, देवळाशी पडलेले दगड वाचत फिरले.

या जिल्ह्यातले जुने शिलालेख बहुतेक कन्नडमध्ये आहेत. तुझ्या वर्गात अक्कलकोटकडची, दक्षिण सोलापूरकडची मुलं असतील. घरात कन्नड, शाळा मराठी, आणि बोलताना दोन्हीकडून लाजलेली. त्यांचं मराठी ऐकून कुणी हसलं तर तिथल्या तिथं थांबव. कारण त्या दगडांच्या जास्त जवळ ती आहेत, तू आणि मी नाही. एकदा माझ्या वर्गातला एक मुलगा लेखाचा मोबाईलवर काढलेला फोटो कर्नाटकातल्या इंडीकडच्या मामाला दाखवून आला. जुनी लिपी मामालाही वाचता आली नाही. पण दोन-तीन अक्षरं त्यानं ओळखली, आणि एक शब्द आपण अजून शेतात वापरतो असं सांगितलं. तो शब्द बरोबर होता का? बहुधा नव्हता. पण तो मुलगा त्या दिवसापासून पहिल्या बाकावर बसायला लागला.

पंढरपूर-मंगळवेढ्याकडची मुलं असली तर साने गुरुजींचं मे १९४७ चं उपोषण घे. अस्पृश्यांना विठ्ठलाचं देऊळ खुलं व्हावं म्हणून ते बसले होते. घरात कुणी नव्वदीतलं असेल तर आत्ताच विचारायला सांग.

हे सगळं अभ्यासक्रमात कुठं बसवायचं, असं तू विचारशील. नवं शैक्षणिक धोरण २०२४-२५ पासून आपल्या संलग्न कॉलेजांतही आलं. त्यात मेजर म्हणजे मुख्य विषय, मायनर म्हणजे दुय्यम, शिवाय क्रेडिट, यांचा गुंता पुष्कळ झालाय. अर्ध्या मुलांना आपला मायनर विषय कोणता ते विचारावं लागतं. पण त्यात फील्ड प्रोजेक्ट नावाची एक खिडकी आहे. बहुतेक ठिकाणी तिथं नेटवरून छापलेली वीस पानं स्पायरल बाइंडिंग करून जातात. तू त्या पंधरवड्याच्या पानांतून प्रोजेक्ट उभा कर. कॉलेजचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकला फोटोही मिळतील. जिओटॅगसकट काढ हो, नाहीतर तू कुडलला गेलीस याला पुरावा नाही!

ग्रंथालयाच्या मामांशी ओळख वाढव. आपल्या कॉलेजांत पुस्तकं असतात, चांगली असतात, फक्त कुलपात असतात. जुनी गॅझेटिअरं, विद्यापीठ कोल्हापूरला होतं त्या काळातली नियतकालिकं. एका मार्कलिस्टच्या दुरुस्तीसाठी कोल्हापूरची वारी करावी लागायची तो काळ, २००४ पूर्वीचा. किल्ली मामांच्या खिशात असते आणि मामांना कुणी कधी काही विचारलेलं नसतं.

आता जरा कडू. मीही एका संस्थेत सहा वर्षं तात्पुरता होतो. दर जूनमध्ये 'यंदा तुमचं नक्की' ऐकायचो आणि त्या 'नक्की'वर संस्थेच्या सगळ्या कार्यक्रमांचं सूत्रसंचालन करायचो. तुझ्यावर तर रांगोळी, स्वागतगीत आणि पाहुण्यांना ओवाळणं हेही येईल, कारण तू बाई आहेस. एखादं कर, सगळी करू नकोस. आणि पहिल्याच महिन्यात नाही म्हण. नंतर जमत नाही. तासिकांचे पैसे महिन्याच्या महिन्याला मिळतील असं धरू नकोस, सुट्टीचे मिळत नाहीत. घेतलेल्या प्रत्येक तासाची नोंद स्वतःच्या वहीत ठेव आणि महिनाअखेर प्राचार्यांची सही घे. तुझ्या नेमणुकीला विद्यापीठाच्या मान्यतेचं पत्र निघालं का ते दर आठवड्याला ऑफिसात विचार, हेडक्लार्क वैतागला तरी. पुढं अनुभव दाखवायची वेळ येते तेव्हा तोच कागद लागतो. आमच्यातल्या काहींची वर्षं त्याच्यावाचून वाया गेली.

पीएच.डी.ची घाई करू नकोस. २०२३ च्या जुलैपासून सहायक प्राध्यापकाच्या थेट भरतीला नेट-सेट हीच किमान अट आहे, आणि सेट तुझ्याकडं आहे. मिळेल त्या गाइडकडं मिळेल तो विषय घेऊन पाच वर्षं अडकण्यापेक्षा थांब. मुलांच्या पानांतून तुझा विषय निघेल असं मला वाटतं, पण ते तुझं तू बघ. मात्र तीन वर्षं झाली आणि जागेची जाहिरात आली नाही, तर दुसरीकडं अर्ज करायला लाग. मुलांना सोडून जाताना वाईट वाटेल. वाटू दे, अर्ज कर.

कपाटातली पुस्तकं मी बाजूला काढून ठेवलीत. दोन पिशव्या होतील, रविवारी येऊन ने. कुडलला जायचं तर दिवाळीनंतर, थंडीत, आणि मला आधी सांग. पायऱ्या उतरवत नाहीत, पण गाडीत बसून येईन. आणि स्टँडवर वेळापत्रक उतरवून घेतलंस की त्या पानाचा फोटो पाठव. पावणेदोनची अजून चालू आहे का, ते बघायचंय.

तुझे,
सर