सहीचा हक्क बस्तीकडे

अनेक आशीर्वाद.

परदेशी निधीतून बस्तीत, म्हणजे झोपडपट्टीत, सांडपाण्याच्या वाहिन्या टाकायचं काम हाती घेण्याआधी आपल्या इंदूरचंच एक उदाहरण नीट अभ्यास. 1990 च्या आसपास ब्रिटिश सरकारच्या मदतीने इथल्या झोपडपट्ट्यांतून सांडपाण्याच्या वाहिन्या टाकल्या गेल्या, नैसर्गिक उतार धरून. कल्पना उत्तम होती. 1998 मध्ये तिला आगाखान वास्तुपुरस्कारही मिळाला. पण घरापासून गल्लीतल्या वाहिनीपर्यंतची जोडणी बऱ्याच घरांनी घेतली नाही, चेंबर (वाहिनी तपासायचे, साफ करायचे खड्डे) कचऱ्याने भरले आणि तुंबलेली लाइन साफ कुणी करायची, हा प्रश्न तसाच राहिला.

स्थानिकांच्या हाती कारभार देण्याची भाषा वरही झाली आहे. 2016 मध्ये इस्तंबूलच्या जागतिक मानवतावादी परिषदेत मोठ्या देणगीदारांनी 2020 पर्यंत किमान 25 टक्के मानवतावादी मदत स्थानिक व राष्ट्रीय संस्थांना शक्य तितकी थेट देण्याचं कबूल केलं. ते साधलं नाही. साधलं असतं तरी स्थानिक संस्था म्हणजे बस्ती नव्हे. आपलं ऑफिस इंदुरात आहे, एवढ्याने निर्णय बस्तीचा होत नाही.

कायद्याची अडचण खरी आहे. परदेशी निधीचं नियमन करणाऱ्या कायद्यात (एफसीआरए) 2020 मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर हा निधी दुसऱ्या संस्थेकडे वर्ग करता येत नाही आणि प्रशासकीय खर्च 20 टक्क्यांत बसवावा लागतो. म्हणून पैसा संस्थेच्या खात्यात राहू दे, पण बिलावर आधी बस्ती समितीच्या दोघांची सही, मगच चेक, असं करारात लिहून घे. दरपत्रकं चौकात, सगळ्यांसमोर उघड. मापं समितीनेच टेप धरून घ्यावीत: लांबी, खोली, चेंबरची संख्या. घरून येणाऱ्या चार इंची पाइपाला साठ फुटांत निदान एक फूट उतार हवा. ठेकेदार खोदाई वाचवायला नेमका तोच मारतो. चर बुजवण्याआधी पाइपात बादलीभर पाणी सोडून बघायला बायकांना सांग, पुढे त्यांनाच ते वापरायचं आहे. ठेकेदाराच्या बिलातली दहा टक्के रक्कम एक पावसाळा निघेपर्यंत रोखून ठेव.

समिती बिघडते ती बहुधा एकाच कारणाने: घरमालक आणि नगरसेवकाची माणसं आत, भाडेकरू बाहेर. बैठक संध्याकाळी कामावरून परतण्याच्या वेळेनंतर ठेव आणि भाडेकरूंच्या जागा आधीच ठरवून टाक.

दुरुस्तीसाठी दर घरामागे महिन्याची ठरावीक वर्गणी बस्तीने स्वतःच्या बचत खात्यात जमवावी. तो त्यांचा पैसा, त्यात आपली सही नको. हिशेबाचा कागद दर महिन्याला नळाजवळच्या भिंतीवर लागला पाहिजे, मराठीत नव्हे, तिथल्या हिंदीत, मोठ्या अक्षरांत.