कायद्याची वाट : बाळंतपणातली हयगय आणि रात्रीचे केस पेपर

प्रश्न : वकीलताई, नमस्कार. माझी बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. आमचं गाव सोलापूर जिल्ह्यात. तालुक्याच्या एका खासगी प्रसूतिगृहात रात्री दहाला भरती केलं. डॉक्टर एकदा बघून घरी गेले, रात्रभर एकटी सिस्टर होती. पहाटे पाणी गेलं ते हिरवट होतं. आईने दोनदा जाऊन सांगितलं, तर "पहिलटकरीण आहे, वेळ लागतोच" असं उत्तर मिळालं. डॉक्टर साडेसहाला आले, चिमटा लावून बाळ काढलं. ते रडलं नाही. सोलापूरला नेलं, तिथे अठरा दिवस काचेत होतं, झटके आले. आज भाचा चौदा महिन्यांचा आहे, अजून मान नीट धरत नाही. डॉक्टर म्हणतात, नाळेचा वेढा होता. आता मध्यस्थाकडून निरोप आलाय की पन्नास हजार घ्या आणि स्टँपवर सही करा. दाजींच्या घरचे म्हणतात, तुमच्याकडे पाठवलं म्हणून हे झालं. बहीण-दाजी चाकणला नोकरीला आहेत. आम्ही काय करावं? – एक मामा

उत्तर : मामा, सही करू नका. त्या कागदावर "आमची काही तक्रार नाही" एवढंच लिहिलेलं असतं आणि उद्या तोच कागद तुमच्यासमोर ठेवला जातो. भाच्याला पुढची कित्येक वर्षं फिजिओथेरपी लागेल. पन्नास हजारांत त्यातलं फार थोडं भागेल.

आता कागदांकडे या. प्रसूतिगृहाला बहिणीच्या सहीने लेखी अर्ज करा आणि संपूर्ण इनडोअर केस पेपरची, म्हणजे भरती असतानाच्या सगळ्या नोंदींची प्रत मागा. नुसतं डिस्चार्ज कार्ड घेऊन परत येऊ नका. अर्ज हाती दिलात तर पोच घ्या, नाहीतर पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवा. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत माणसाने मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यावे लागतात. डॉक्टरांनी ते तीन वर्षं जपायचे असतात. दिले नाहीत तर तीही तक्रारीतली एक बाब होते.

कागद आले की रात्री दहा ते सकाळी साडेसहा एवढाच भाग घेऊन बसा. कळा जोरात सुरू झाल्यावर बाळाचे ठोके निदान दर अर्ध्या तासाने मोजून लिहायचे असतात, बाळ बाहेर येण्याच्या टप्प्यात दर पाच मिनिटांनी. पार्टोग्राफ म्हणजे कळांचा आलेख भरलाय का? सीटीजीची, म्हणजे बाळाचे ठोके नोंदवणाऱ्या मशीनची पट्टी आहे का? हिरव्या पाण्याची (बाळाने पोटातच शी केल्याची ती खूण) नोंद किती वाजताची? डॉक्टरांना फोन कधी केला, ते लिहिलंय का? अशा प्रकरणांत मी पुन्हा पुन्हा पाहिलेला कागद सांगते. रात्रभराच्या नोंदी एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिल्यासारख्या, आणि ठोके दर वेळी १४०. पहाटे तीनला १४०, पाचला १४०, सहाला १४०. आणि सव्वासहाला जन्मलेलं बाळ निळं पडलेलं. असा कागद दिसला तर तो खरा की नंतर भरलेला, याची उलटतपासणी करता येते. तेव्हा कामाला येतात तुमच्या घरातल्या नोंदी. आईने पहाटे तुम्हाला केलेले फोन, त्यांच्या वेळा, ॲम्ब्युलन्सची पावती. ते मोबाइल विकू नका, कॉल हिस्ट्रीचे फोटो आजच काढून ठेवा. आईला जे आठवतंय ते तिच्याच शब्दांत तारीख घालून लिहून घ्या.

सोलापूरचे कागदही तितकेच मोलाचे आहेत. बाळ तिथे पोचलं तेव्हाची अवस्था, रक्तातली आम्लता, झटके कधी सुरू झाले, एमआरआयमध्ये इजेचा नमुना काय, या सगळ्यावरून इजा साधारण कधी झाली असेल ते तज्ज्ञ सांगू शकतात. जन्मानंतर सहा तासांच्या आत सुरू करायचा थंडाव्याचा उपचारही असतो, त्यात बाळाचं अंग थंड ठेवून मेंदूची इजा कमी करायचा प्रयत्न करतात. म्हणून बाळाला पुढे पाठवण्यात किती वेळ गेला हे पाहायचं.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण ती कुणी सांगत नाही. सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा न राहणं) झालेल्या बहुतेक मुलांच्या बाबतीत कारण बाळंतपणातली चूक नसतं. गर्भातला संसर्ग, वेळेआधी जन्म, आनुवंशिक दोष अशी कारणं असतात. वाईट घडलं एवढ्यावर हयगय सिद्ध होत नाही. साधारण कौशल्याच्या डॉक्टरने जे केलं असतं ते इथे झालं नाही, आणि त्यामुळेच इजा झाली, हे दोन्ही दाखवावं लागतं. नाळेचा वेढा पुष्कळ बाळांना असतो आणि ती सुखरूप जन्मतात. वेढ्याने बाळ गुदमरत असेल तर ठोके बदलतात. ते कुणी ऐकत होतं का, हाच तुमचा प्रश्न आहे. त्यासाठी कागद दुसऱ्या जिल्ह्यातल्या अनुभवी स्त्रीरोगतज्ज्ञाला आणि नवजात शिशुतज्ज्ञाला दाखवून लेखी मत घ्या. प्रत्येक खटल्यात तज्ज्ञाचं मत लागतंच असं नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये म्हटलंय. पण बाळंतपणाच्या प्रकरणात त्याशिवाय उभं राहू नका.

भरपाईसाठी ग्राहक आयोगात जायचं. तिथे तक्रारीची मुदत दोन वर्षं. तुमचे चौदा महिने गेलेत. सबळ कारण असेल तर उशीर माफ होतो, पण तो आयोगाच्या मर्जीचा भाग, त्यावर विसंबू नका. तक्रार बाळाच्या नावाने पालकांमार्फत करा आणि आई-वडील स्वतःही तक्रारदार व्हा. स्प्रिंग मेडोज हॉस्पिटलच्या १९९८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने मूल आणि पालक दोघांनाही ग्राहक मानलं आणि पालकांच्या मनस्तापाची वेगळी भरपाई दिली.

२०१९ च्या ग्राहक कायद्यात तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथेही तक्रार करता येते. बहीण-दाजी चाकणला आहेत, म्हणजे पुणे जिल्हा आयोगात. प्रत्येक तारखेला रजा टाकून सोलापूर गाठायला नको. कोणत्या आयोगात जायचं हे आता तुम्ही दिलेल्या बिलावर ठरतं, मागितलेल्या भरपाईवर नाही. ५० लाखांपर्यंतचं बिल म्हणजे जिल्हा आयोग, आणि ५ लाखांपर्यंतच्या बिलाला फी नाही. म्हणून "कोर्टाची फी परवडणार नाही" या भीतीने आकडा कमी लिहू नका. फिजिओथेरपी, बहिणीची सुटलेली नोकरी, पुढे लागणारा सांभाळणारा माणूस, सगळं धरा. चेन्नईतल्या एका वेळेआधी जन्मलेल्या मुलीचे डोळे वेळेवर तपासले गेले नाहीत आणि दृष्टी गेली. त्या प्रकरणात २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुमारे १ कोटी ८० लाख मंजूर केले, त्यातला मोठा भाग पुढच्या खर्चाचा होता. फिजिओथेरपीची प्रत्येक पावती आजपासून फाइलला लावा. निकालाला मात्र वर्षं लागतात, कायद्यात महिने लिहिलेले असले तरी.

पोलिसांत जायचं का? सर्वोच्च न्यायालयाच्या जेकब मॅथ्यू निकालापासून (२००५) फौजदारी गुन्ह्याला ढोबळ, गंभीर हयगय लागते आणि पोलीस आधी दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतात. त्यातून बाळाच्या औषधपाण्याचे पैसे येत नाहीत. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तक्रार जरूर करा. तिथे भरपाई नाही, पण डॉक्टरांची नोंदणी निलंबित होऊ शकते. आणि कुणी दवाखान्यावर चालून जायचं म्हणत असेल तर त्याला घरात बसवा. २०१० च्या राज्याच्या कायद्याने त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, शिवाय नुकसानीची दुप्पट वसुली.

आता दाजींच्या घरच्यांसाठी. पहिलं बाळंतपण माहेरी ही आपल्याकडची रीत, ती दोन्ही घरांनी मिळून पाळली. त्या रात्री लेबर रूमच्या दारात उभी राहून दोनदा सांगायला गेलेली बाई तुमच्या सुनेची आईच होती. खटल्यातली तीच तुमची सगळ्यात मोठी साक्षीदार आहे. तिला दोष देऊन तिचं तोंड बंद करू नका.

प्रश्न : माझी मुलगी सरकारी रुग्णालयात झाली, मोफत. वजन ४ किलो १०० ग्रॅम. खांदा अडकला होता, ओढून काढलं. दोन महिने झाले, उजवा हात उचलत नाही. केस होईल का? – एक आई

उत्तर : ताई, कोर्टाच्या आधी हात. खांदा अडकल्यावर मानेजवळच्या नसा ताणल्या जातात. बरीच मुलं आपोआप सुधारतात, पण तिसऱ्या महिन्यापर्यंत कोपर वाकवता येत नसेल तर नसांच्या सर्जनला दाखवायलाच हवं, पुढे शस्त्रक्रियेची योग्य वेळ निघून जाते. जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसी म्हणजे बालकांच्या लवकर उपचार केंद्रात या आठवड्यात जा.

जिथे सगळ्यांनाच मोफत सेवा मिळते ते रुग्णालय ग्राहक कायद्यात येत नाही. काही रुग्णांकडून पैसे घेत असतील तर मोफत रुग्णही ग्राहक ठरतो, असं सर्वोच्च न्यायालयाचा १९९५ चा निकाल सांगतो. तेव्हा तिथे पैसे भरून उपचार होतात का ते पाहा. नसतील तर दिवाणी दावा. सरकारवर दाव्याआधी दोन महिन्यांची नोटीस लागते. "सरकारी आहे, काही होत नाही" असं कुणी म्हटलं तर खोडवा प्रकरण सांगा. औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात १९६३ मध्ये एका बाळंतिणीच्या पोटात शस्त्रक्रियेनंतर कापड राहिलं, ती गेली. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्र सरकारला जबाबदार धरलं.

प्रश्न : बाळंतपणातल्या हयगयीची तक्रार करायची आहे, पण वकिलाला द्यायला पैसे नाहीत, उत्पन्नाचा दाखलाही नाही. – एक वाचक, लातूर

उत्तर : जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. स्त्रिया, मुलं आणि अपंग व्यक्ती यांना मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही, म्हणून बाळाच्या आईच्या नावानेच अर्ज करा. सोबत आधार कार्ड आणि तुमच्याकडे असतील तेवढे दवाखान्याचे कागद न्या. बाकीचे मागवायला वकील मदत करतील.