बादलीतलं लिंबू-हिंग

प्रश्न : मी चार वर्षांपासून घरी बियर करतो. गेल्या वर्षी आई सहा महिने राहायला आली होती. बेसमेंटमध्ये तिला माझी साडेसहा गॅलनची फर्मेंटरची, म्हणजे बियर आंबवायची, बादली सापडली. पांढरीशुभ्र, घट्ट झाकणाची, खाली तोटी असलेली. तिने त्यात चाळीस लिंबांचं लोणचं घातलं. लोणचं फक्कड झालं आणि संपलंही. पण बादली उघडली की अजून लिंबू आणि हिंग नाकात शिरतं. भांड्यांच्या साबणाने चार वेळा धुतली, मग व्हिनेगर, मग खायचा सोडा, मग दोन्ही एकत्र. आता ब्लीच घालू का? आईला मी यातलं काही बोललेलो नाही.
— एक वाचक, कोलंबस, ओहायो

उत्तर : आईला बोलू नका, आणि ब्लीचची बाटली आधी जागेवर ठेवून या. व्हिनेगरचा वास अजून बादलीत असताना त्यावर ब्लीच ओतलंत तर क्लोरीन वायू सुटेल. व्हिनेगर पूर्ण निघून गेलं असलं तरी क्लोरीनचा अंश मागे राहतो. बियरमधल्या फिनॉलशी त्याची गाठ पडली की क्लोरोफिनॉल तयार होतात. त्यांची चव दवाखान्यातल्या बँडेजसारखी असते आणि अब्जात काही भाग एवढी मात्रासुद्धा जिभेला कळते. लोणच्याचा वास परवडला.

मी स्वतः २०११ मध्ये पाच डॉलर वाचवायला गेले होते. इथे मिनेसोटात एका रेस्टॉरंटच्या मागच्या दारी काकडीच्या लोणच्याच्या रिकाम्या बादल्या मिळायच्या. एक आणली, धुतली, वास घेतला; जरासा बडीशेपेसारखा आला, म्हटलं जाईल. पाच गॅलन गव्हाची बियर केली, पन्नासेक बाटल्या भरल्या, दोन आठवडे थांबले. नवऱ्याने पहिला घोट घेतला आणि शांतपणे विचारलं, "सँडविच कुठंय?" बाटल्या मोरीत रिकाम्या करताना मी एकही शब्द बोलले नाही.

तेव्हा कळलं ते असं. या बादल्या पॉलिथिलीनच्या असतात आणि पॉलिथिलीनचं तेलकट पदार्थांशी फार जमतं. आपल्या प्रत्येक घरात रस्सा ठेवून पिवळा पडलेला एक प्लास्टिकचा डबा असतो ना, तसंच. लिंबाच्या सालीतलं लिमोनीन आणि हिंगातली गंधकाची संयुगं नुसती भिंतीला चिकटत नाहीत, ती भिंतीत मुरतात. तुम्ही चार वेळा धुतलीत ती वरची पापुद्र्याएवढी जागा. सोडा आंबट वासावर चालतो, तेलावर त्याची मात्रा चालत नाही. सोडा आणि व्हिनेगर एकत्र केलंत तर दोघं एकमेकांना मारतात. फेस छान येतो, एवढंच.

आजी सांगलीला लोणच्याच्या बरणीला धुरी द्यायची. निखाऱ्यावर हिंगाचा खडा आणि वर बरणी उपडी. पण ती बरणी चिनी मातीची, आतून झिलई दिलेली. एकदा गरम पाण्याने विसळली की पुढच्या वर्षी त्यातच मोरंबा. तुमची बादली धुरी न देताच धुरावली आहे.

मुरलेला वास बाहेर काढायचा तर ऊब आणि वेळ, दोनच गोष्टी लागतात. सोडियम परकार्बोनेटवर चालणारी, बिनवासाची पावडर घ्या. ऑक्सिक्लीनची 'फ्री' नावाची मिळते ती चालेल. सुगंधी आणलीत तर हिंगाच्या जागी लॅव्हेंडर मुरेल. एका गॅलनला एक मोठा चमचा, पाणी नळाला येतं तेवढं कडकडीत, साधारण ५० ते ६० अंश सेल्सिअस. बादली काठोकाठ भरा. झाकण वेगळ्या टबात बुडवा. बादलीवर घट्ट बसवू नका, कारण या पावडरीतून ऑक्सिजन सुटतो आणि आत दाब धरतो. ते पाणी सकाळी फेकून द्या. काही तासांत त्यातला दम संपतो, म्हणून दुसऱ्या रात्री पावडर नवीन. असं तीन-चार रात्री करा. आत पांढरट थर दिसला तर तो वॉशिंग सोड्याचा आहे. नीट विसळून मग थोडं व्हिनेगर फिरवलं की जातो. तारेची किंवा हिरवी घासणी मात्र आत नेऊ नका. ओरखड्यांत जंतू घर करतात आणि ते पुढे कुठल्याच निर्जंतुकीला दाद देत नाहीत.

एक जागा तुम्ही बहुधा उघडलीच नसेल : तोटी. बादलीपासून सोडवून कडक पाण्यात पाच मिनिटं ठेवा, म्हणजे प्लास्टिक जरा सैल होतं, आणि मागून बोटाने दाबलंत की आतली फिरती नळी बाहेर येते. माझ्या तोटीतून ती पहिल्यांदा निघाली तेव्हा तिच्याभोवती राखाडी-तपकिरी बुळबुळीत थर होता, वर जवाची दोन सालं. त्याआधी वर्षभर मी ती तोटी "स्वच्छ" म्हणून वापरत होते. तुमच्या तोटीत लोणच्याचा खार असणार. झाकणाच्या खोबणीतला रबरी गोल आणि एअरलॉकखालचं (आतला वायू बाहेर सोडणाऱ्या झडपेखालचं) रबर धूत बसू नका. रबर वास प्लास्टिकपेक्षा घट्ट धरून ठेवतं आणि नवीन दीड-दोन डॉलरला येतं. थेट बदला.

मग बादली उघडी, उन्हात, आठवडाभर. झाकण लावून ठेवलेल्या बादलीत थोडासा वासही कोंडून मोठा वाटतो, त्यामुळे उघडल्याक्षणी नाक घालून काही ठरवू नका. परीक्षा पाण्याने घ्या : कोमट पाणी भरा, झाकण लावा, २४ तासांनी पेल्यात काढून आधी हुंगा, मग घोट घ्या. पाणी कोरं लागलं तर बियर करा, पण पहिली बॅच काळ्या भाजलेल्या माल्टची (मोड आणून वाळवलेल्या जवाची), स्टाउट वगैरे. फिकी लागर त्यात घालून नशीब अजमावू नका.

तीन आठवड्यांनंतरही पाण्याला हिंग लागलंच, तर नाद सोडा. एका बॅचचं माल्ट आणि हॉप्स (बियरला कडवटपणा देणारी फुलं) नव्या बादलीपेक्षा महाग पडतात. जुनीवर मार्करने 'आई' लिहा. पुढच्या खेपेला त्या येतील तेव्हा शोधाशोध नको.

प्रश्न : भाचा अमेरिकेत घरी बियर करतो, मला पण करायची आहे. त्याने जुनी बादली देऊ केली आहे. वास कसा घालवू?
— एक वाचिका, पुणे

उत्तर : बियरचा नाद सोडा, बादलीत तांदूळ भरा. तिकडे १९७८ च्या कायद्याने घरच्या वापरापुरती बियर करायला केंद्र सरकारची मोकळीक आहे. एका प्रौढाला वर्षाला १०० गॅलन, घरात दोघं असतील तर २००. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि परवान्याशिवाय दारू बनवणं गुन्हा आहे, घरात एकट्यासाठी केली तरी.

प्रश्न : माझा कारबॉय (बियर आंबवायची अरुंद मानेची मोठी बाटली) काचेचा आहे, तरी जर्मन पद्धतीची गव्हाची बियर काढल्यावर त्याला लवंगेचा वास राहिलाय. काच पण वास धरते का?
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : काच धरत नाही. लवंग तुम्ही घातलेली नाही, तुमच्या यीस्टने केली आहे. त्या जातीचं यीस्ट लवंग आणि केळं हे दोन्ही वास स्वतःच तयार करतं. राहिलेला वास बुचाचा किंवा मानेखाली वाळलेल्या फेसाच्या कड्याचा. बूच काढून दुसऱ्या खोलीत ठेवा आणि मग काच हुंगा. कडं असेल तर तीच पावडर, पण पाणी कोमट. गार काचेत उकळतं पाणी ओतलंत तर ती तडकेल, आणि ओल्या हातांनी मानेला धरून उचलू नका. माझ्या डाव्या तळव्यावर त्याचे सात टाके आहेत.