पिकअपला लॉकर बसवू, की आधी चढ नीट करू?

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका बागायतदार वाचकाने विचारलं आहे. त्यांच्याकडे २०१६ सालचा, फक्त मागच्या चाकांना ताकद मिळणारा पिकअप आहे. कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग, खाली ओहोळाकाठी, आणि तिथून डांबरी रस्त्यापर्यंत साठेक मीटरचा तांबड्या मातीचा उभा चढ. पावसात मागचं एक चाक जागच्या जागी गरगरतं आणि गाडी बसते. यंदा दहा वेळा शेजाऱ्याचा ट्रॅक्टर बोलवावा लागला, खेपेला १,२०० रुपये. गणेशचतुर्थीच्या तोंडावर माटोळीचा, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळांच्या सजावटीचा, माल म्हापशाला वेळेत पोचला नाही, त्यात आठेक हजार बुडाले. गॅरेजवाल्याने मागच्या डिफरन्शियलमध्ये (दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या पेटीत) हवेवर चालणारा लॉकर, म्हणजे दोन्ही चाकं एकत्र बांधणारा भाग, बसवायचे १,४०,००० रुपये सांगितले आहेत. मेमध्ये तीन लाखांची मुदत ठेव संपते. ती मुलीच्या कॉलेज प्रवेशासाठी ठेवलेली आहे, पण आत्ताच मोडावी का, असा विचार आहे. मेहुण्यांचं म्हणणं, हा पिकअप विका आणि चारही चाकांना ताकद मिळणारा नवा फोर बाय फोर घ्या.

नमस्कार. उत्तर आधीच सांगून टाकतो: ठेव मोडू नका आणि निदान यंदा तरी लॉकर बसवू नका. पुढच्या पावसाआधी मागचे टायर बदला आणि त्या चढावर पैसे घाला.

गॅरेजवाला तुम्हाला टोपी घालतोय असं मात्र समजू नका. त्याचं निदान बरोबर आहे. साध्या डिफरन्शियलमध्ये दोन्ही मागच्या चाकांना सारखाच जोर मिळतो, त्यामुळे ज्या चाकाची पकड सुटली त्याला जेवढा जोर पेलतो तेवढाच दुसऱ्याच्याही वाट्याला येतो. एक चाक चिखलात फिरत राहतं, दुसरं कोरड्या दगडावर असूनही गप्प. लॉकर दोन्ही चाकं एकत्र बांधतो, मग दगडावरचं चाक गाडी ओढून काढतं. पण दोन्ही चाकांखाली ओली, शेवाळलेली माती असेल तर दोन्ही मिळून फिरतील, एवढाच फरक. शिवाय चढाला एका बाजूने उतार असेल तर लॉक केलेली मागची बाजू उताराकडे सरकते. तुमच्या वाटेला एका अंगाला ओहोळ आहे, हे विसरू नका.

तुम्ही पत्राच्या शेवटी ओझरतं लिहिलंय की मागचे टायर रिमोल्ड केलेले (जुन्यावर नवं रबर चढवलेले), रिब म्हणजे सरळ उभ्या रेघांच्या नक्षीचे आहेत. मला तर सगळ्या पत्रात हीच ओळ महत्त्वाची वाटली. रिब टायर डांबरावर सरळ धावायला चांगले, चिखल उचलून फेकायला नाहीत. मागे लग, म्हणजे जाड आडव्या ठोकळ्यांच्या, नक्षीचे दोन नवे टायर वीस हजारांच्या आत येतात. ते घालण्याआधी लाख-दीड लाखाची गोष्ट बोलूच नये.

आता हिशेब. गॅरेजचा आकडा १,४०,००० असला तरी नऊ वर्षं चाललेलं डिफरन्शियल उघडल्यावर बेअरिंग, सील, कदाचित क्राउन-पिनियन हे मुख्य गिअरही बदलायला निघणार. तेव्हा मी १,६५,००० धरतो. गाडी आणखी पाच वर्षं वापरली तर वर्षाला ३३,००० झाले. त्यात या रकमेवर सात टक्क्यांनी बुडणारं व्याज पहिल्या वर्षी साडेअकरा हजार. म्हणजे पहिल्या वर्षीचा खर्च साधारण ४४,५००. समोर तुमचं नुकसान: ट्रॅक्टरचे १२,०००, माटोळीचे ८,०००. वीस हजारांचं दुखणं घालवायला साडेचव्वेचाळीस हजारांचं औषध. विकताना यातला रुपयाही परत येत नाही. जुना पिकअप घेणारा मॉडेलचं साल, किलोमीटर आणि कागद बघतो, आत लॉकर आहे की नाही हे विचारतही नाही.

त्याहून मोठी गोष्ट तुमच्या बागेच्या वेळापत्रकात आहे. सुपारी उतरते ती पाऊस सरल्यावर, काजू मार्च ते मे. बागायतदार संस्थेत जाणारा जड माल सगळा कोरड्या वाटेने वर येतो. पावसात खाली काय जातं? सुपारीच्या कोळेरोगावरच्या (पावसातल्या फळकुजीवरच्या) फवारणीचा मोरचूद आणि चुना. एक टक्का बोर्डो मिश्रणाला शंभर लिटर पाण्यात एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना लागतो. दोन-तीन फवारण्यांचं सामान मेच्या अखेरीस खालच्या मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपीत, नेऊन ठेवलं तर या खेपा संपल्याच. मोरचूद कोरड्या जागी, प्लास्टिकच्या पिंपात ठेवा. पत्र्याच्या डब्यात नको, तांब्याचा क्षार लोखंड खातो. उरली केळी, नारळ आणि माटोळीचा माल. म्हणजे पावसातल्या खऱ्या अडचणीच्या खेपा मोजक्याच.

त्या मोजक्या खेपांसाठी चढावर दोन काँक्रीटच्या पट्ट्या घाला, फक्त चाकांखाली येतील अशा. प्रत्येक पट्टी दोन फूट रुंद, पाच इंच जाड, साठ मीटर लांब धरली तर दोन्ही मिळून नऊ घनमीटरच्या आसपास काँक्रीट लागेल. मजुरीसकट हे लाखाच्या आत बसायला हरकत नाही, आणि त्या वाटेने आणखी दोन बागायतदार जातात म्हणता, तर तिघांत वाटून घ्या. वाट सामाईक असेल तर लेखी संमती आधी, सिमेंट नंतर. वरच्या बाजूने येणारं पाणी आडव्या चरांनी बाहेर काढलं नाही तर पहिल्याच आषाढात पट्ट्यांखालची माती धुपेल. वरचा पृष्ठभाग गुळगुळीत करू देऊ नका, ओलं असतानाच आडव्या खाचा मारून घ्या. गवंड्याला घोटायची फार हौस असते, तिथे स्वतः उभे राहा. आणि ही वाट तुमच्या गाडीसोबत म्हातारी होत नाही. पिकअप बदलला तरी ती कामाची.

मेहुण्यांच्या सल्ल्याबद्दल थोडक्यात. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, हे खरं. तरीही आठ लाखांचं कर्ज दहा टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं तर हप्ता महिन्याला सतरा हजार, वर्षाला दोन लाखांच्या वर. वीस हजारांच्या नुकसानीसाठी हे गणित मांडूही नये. मागचं डिफरन्शियल साधंच असलेला फोर बाय फोरसुद्धा एक पुढचं आणि एक मागचं चाक अधांतरी गेलं की अडकतो, हे त्यांना सांगा.

कोणी दोन-तीन हजारांत डिफरन्शियलचे गिअर वेल्ड करून देतो म्हणाला तर हात जोडा. मग दोन्ही चाकं कायमची बांधली जाऊन चोर्ला घाटाच्या प्रत्येक वळणावर टायर घासत जाईल आणि एक दिवस ऍक्सल शाफ्ट तुटेल. प्लेटवाल्या लिमिटेड स्लिपचं, म्हणजे चाकांना थोडंच बांधणाऱ्या डिफरन्शियलचं, तसं नाही, ती डांबरावर त्रास देत नाही. पण चाक पूर्ण अधांतरी गेलं की तिचा उपयोग कमी होतो आणि तेलही वेगळं लागतं.

माझं मत कधी बदलेल? उन्हाळ्यात तुम्ही भाड्याने चिरे (जांभा दगड) वाहता, तसं पावसातही इतरांच्या बागांतून माल काढायचं भाडं मिळायला लागलं तर. सगळा खर्च वजा जाता हंगामाला पंचवीस-तीस हजार जास्त उरणार असतील, तेही दोन-तीन गिऱ्हाइकांनी आधी सांगून ठेवलेलं असेल, तर लॉकर स्वतःचे पैसे फेडू शकतो. तेव्हा गॅरेजकडून तीन गोष्टी लेखी घ्या: तुमच्या ऍक्सलच्या स्प्लाइनला (शाफ्टच्या टोकाच्या खाचांना) तो जुळतो का, डायल गेज लावून बॅकलॅश, म्हणजे गिअरच्या दातांमधली फट, कोण बघणार, आणि आवाज आला तर पुन्हा उघडायचे पैसे कोणाचे. विमा कंपनीला बदल लेखी कळवा, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे नोंदणीतल्या तपशिलाला बाधा येते का, हे आरटीओत आधी विचारा. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीची फिटनेस तपासणी दरवर्षी होते. तिथे प्रश्न निघण्याची वाट बघू नये. आणि लॉकर लावला म्हणून चिरे जास्त भरू नका. लॉक असताना सगळा जोर एकाच शाफ्टवर येऊ शकतो.

करात यातून काही वाचेल ही आशाही सोडा. भाड्याचं उत्पन्न तुम्ही गाडीमागे महिना साडेसात हजार या अंदाजित पद्धतीने दाखवता, त्यात असा खर्च वेगळा वजा होत नाही. शेतीच्या उत्पन्नावर तर मुळातच आयकर नाही.

ठेव मेपर्यंत राहू द्या. आत्ता मोडली तर बहुतेक बँका अर्धा ते एक टक्का व्याज कापतात. मेमध्ये प्रवेशाचा आकडा कळेपर्यंत ती रक्कम बचत खात्यात किंवा थोड्या मुदतीवर ठेवा. टायर काजूच्या पैशांतून घ्या. पट्ट्यांचं काम मात्र एप्रिलच्या आत उरका, मेमधल्या वळिवाने ओलं काँक्रीट धुऊन नेलं तर दुसऱ्यांदा पैसे घालावे लागतील.