पिल्लाने जेवण सोडलं? वाटी बाजूला ठेवा, आधी हिरड्या बघा

दिवाळीच्या आगेमागे जन्मलेली पिल्लं संक्रांत उलटली की अडीच-तीन महिन्यांची होतात. मग तालुक्या-तालुक्यांतून एकच प्रश्न येऊ लागतो : पिल्लू जेवत नाही, काय खाऊ घालू? प्रश्नच उलटा आहे. का जेवत नाही हे आधी कळलं पाहिजे, काय घालायचं ते नंतर. आलेल्या प्रश्नांपैकी काही थोडक्यात देऊन उत्तरं देतो.

चार महिन्यांचं गावठी पिल्लू आहे. आठ दिवसांपासून अर्धीच वाटी खातं. खेळणं, पळणं चांगलं, संडास घट्ट. भुकेचं टॉनिक कोणतं द्यावं? (दर्यापूर)

कोणतंच नाही. वजन करा. किराणा दुकानातला काटा चालतो. पिल्लाला टोपलीत बसवा, टोपलीचं वजन वजा करा. दर रविवारी सकाळी, खाण्याआधी. आकडा वहीत लिहा, डोक्यात ठेवू नका. वजन वाढत असेल तर पिल्लू गरजेपुरतं जेवतंय. चौथ्या महिन्यानंतर वाढीचा वेग उतरतो आणि किलोमागे लागणारं अन्नही कमी होतं.

तीन महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा, पुढे दोन वेळा. वाटी पंधरा-वीस मिनिटं ठेवायची आणि उचलायची. मधल्या वेळेत घरातली चार पोरं चार-चार बिस्किटं टाकत असतील, तर वाटी अर्धी राहणारच. तो हिशेब आधी करा.

दोन आठवडे वजन जागेवर असेल, किंवा पोट ढोलकीसारखं आणि पाठ वाळलेली असेल, तर जंत. संडास डबीत घेऊन दवाखान्यात जा. जंताचं औषध वयाच्या दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी, तीन महिन्यांनंतर सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला द्यायचं असतं. मात्रा वजनावर ठरते, अंदाजाने अर्धी गोळी मोडून नव्हे.

टॉनिकबद्दल एवढंच : माणसांच्या भूक वाढवणाऱ्या काही सिरपमध्ये सायप्रोहेप्टाडिन असतं, त्याने पिल्लू गुंगतं. ‘शुगर फ्री’ लिहिलेल्या काही औषधांत झायलिटॉल असतं, ते कुत्र्यासाठी विष आहे. दुकानदार बाटली देतो, पिल्लाची हिरडी उघडून बघत नाही.

बागेत पडलेली संत्री खातं आणि जेवत नाही. संत्र्याने काही होतं का? (मोर्शी)

दोन-चार फोडींनी काही होत नाही. साल, बी आणि फवारलेलं फळ नको. द्राक्षं आणि मनुका मात्र एकही नको.

पाच महिन्यांचं आहे, दात पडताहेत. त्याने जेवण कमी होतं का? (सेलू)

होतं. जेवण कोमट पाण्यात भिजवून द्या, चावायला ओलं करून गार केलेलं फडकं द्या. दातांमुळे पिल्लू हळू खातं, एका बाजूने खातं, कडक टाकून मऊ खातं. पूर्ण उपाशी राहिलं तर दातांवर ढकलू नका, दाखवा.

अडीच महिन्यांचं लॅब्राडोर, परवापासून काहूनच जेवत नाही समजत नाही. काल तीनदा पांढऱ्या फेसाची उलटी झाली, आज संडास पातळ आहे. शेजारी म्हणतात दोन चमचे दारू पाजा, गॅस्ट्रो उतरतो. मेडिकलवरून हगवण थांबवायची गोळी आणली आहे. अजून एक दिवस वाट पाहू का? विकणाऱ्याने लसीकरण पूर्ण असल्याचं कार्ड दिलं आहे. (उमरखेड)

नाही. या एका प्रश्नात चार चुका आहेत आणि चारही दर हंगामात भेटतात, म्हणून सविस्तर लिहितो.

तुम्ही ज्याला गॅस्ट्रो म्हणता तो बहुतेक वेळा पार्वो नावाच्या विषाणूचा आजार असतो. विषाणू शरीरात गेल्यावर साधारण तीन ते सात दिवसांनी पिल्लू कोपऱ्यात जाऊन बसतं आणि जेवण सोडतं. उलट्या त्यानंतर, आणि सडक्या वासाची, लाल किंवा कॉफीच्या रंगाची हगवण त्याच्याही नंतर. म्हणजे रक्त दिसेपर्यंत थांबलात तर सुरुवातीचा, सगळ्यांत मोलाचा वेळ गेलेला असतो. हा विषाणू आतड्याचं आतलं अस्तर सोलून काढतो आणि पांढऱ्या पेशीही मारतो. फाटलेल्या अस्तरातून आतड्यातले जंतू रक्तात शिरतात. पाणी आणि मीठ उलटी-हगवणीतून जातं, एवढ्याशा अंगातली साखर उतरते, आणि पिल्लू त्यात जातं. विषाणू मारणारं हुकमी औषध नाही. शिरेतून सलाइन, उलटी थांबवणारं इंजेक्शन, जंतुसंसर्गावर औषध आणि अंगाला ऊब, असे पाच-सात दिवस काढावे लागतात. वेळेत आलेली बरीच पिल्लं उठून उभी राहतात.

दारू? रिकाम्या पोटी, साखर उतरलेल्या पिल्लाला दारू पाजली की साखर आणखी उतरते. ते गप्प पडतं आणि लोकांना वाटतं आराम पडला. हगवण थांबवायची गोळी आतड्याची हालचाल रोखते आणि घाण आतच कोंडते. पॅरासिटामॉल, डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन घरात आहेत म्हणून देऊ नका. पिल्लाचं यकृत, जठर, मूत्रपिंड यांना ती झेपत नाहीत.

घरी बघायचं ते एवढंच. वरचा ओठ उचला. हिरडी गुलाबी आणि ओली हवी. बोटाने दाबून सोडली की दोन सेकंदांच्या आत रंग परत यायला हवा. पांढरी, चिकट, थंड हिरडी दिसली की पंचांग बघू नका, गाडी बघा. डिजिटल थर्मामीटरच्या टोकाला खोबरेल तेल लावून गुदद्वारात बोटाच्या अर्ध्या पेरापर्यंत घाला : 101 ते 102.5 फॅरेनहाइट म्हणजे ठीक. 103.5 च्या वर ताप, आणि 100 च्या खाली गेलं तर तापापेक्षा वाईट. उलट्या चालू असतील तर तोंडाने पाणी ओतू नका, श्वासनलिकेत जातं. उलटी नसेल तर ओआरएस चमचा-चमचा, दवाखान्यात पोहोचेपर्यंत.

तासांचा हिशेब असा. तीन महिन्यांच्या आतलं पिल्लू बारा तास काही खात नसेल तर त्याच दिवशी दाखवा. मोठं पिल्लू बाकी ठणठणीत असेल तरच चोवीस तास. उलटी, हगवण किंवा सुस्ती सोबत असेल तर हा हिशेबही नाही, लगेच.

आता ते कार्ड. अडीच महिन्यांच्या पिल्लाचं लसीकरण पूर्ण होऊच शकत नाही. आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती लसीला आडवी येते आणि ती केव्हा उतरेल हे प्रत्येक पिल्लात वेगळं. म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून सुरुवात करून दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत लस पुन्हा द्यावी लागते. कार्डावर लसीच्या कुपीचं चिकटवलेलं लेबल, बॅच क्रमांक, डॉक्टरांची सही आणि नोंदणी क्रमांक आहे का बघा. नुसत्या निळ्या पेनाच्या तारखा म्हणजे विक्रीची युक्ती. आणि लस 2 ते 8 अंश सेल्सियसमध्ये राहावी लागते. खिशात घालून एसटीने आणलेली कुपी टोचली तर सुईचं दुखणं तेवढं मिळतं.

पिल्लाची जागा धुताना फिनाइलवर विसंबू नका, या विषाणूवर त्याचा भरवसा नाही. आधी घाण काढा, मग एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी, दहा मिनिटं ओलं राहू द्या. मातीच्या अंगणात हा विषाणू महिनोन् महिने टिकतो. त्यामुळे एक पिल्लू गेलं म्हणून महिनाभरात दुसरं, बिनलसीचं, त्याच ओट्यावर आणणं म्हणजे त्यालाही तीच गत. तुम्ही मात्र हा मजकूर पुढे वाचू नका, निघा.

गुरांवर मारायचं गोचिडीचं औषध उरलं होतं, तेच पिल्लाच्या अंगाला फडक्याने पुसलं. संध्याकाळपासून जेवत नाही, लाळ गळते, अंग थरथरतं. (मेहकर)

उत्तर छापून येईपर्यंत थांबला नसाल अशी आशा आहे. असं झालं तर हातात प्लास्टिकची पिशवी घालून कोमट पाणी आणि भांड्याच्या साबणाने पिल्लू दोनदा धुवा, कोरडं करा, अंग चाटू देऊ नका, आणि औषधाची बाटली सोबत घेऊन दवाखाना गाठा. दूध, तूप, मिठाचं पाणी काही नको, ओकारी काढू नका.

त्या बाटलीतल्या सायपरमेथ्रिन किंवा अमिट्राझची मात्रा तीनशे किलोच्या बैलासाठी मोजलेली असते आणि पिल्लू तीन किलोचं. गुरांचं आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शनही त्याच कारणाने नको. गोचीड काढायचीच, कारण तिच्यामुळे येणाऱ्या तापातही पिल्लू जेवण सोडतं, हिरड्या फिक्या पडतात, कधी नाकातून रक्त येतं. त्याला रक्ततपासणी आणि बहुधा काही आठवड्यांचं औषध लागतं. कुत्र्यावरची गोचीड गोठ्याच्या भिंतीच्या भेगांत राहते, तेव्हा भेगा लिंपल्याशिवाय पिल्लू धुऊन उपयोग नाही. हाच धोका कपाशीच्या फवारणीत : धुऱ्यावर टाकलेले रिकामे डबे पिल्लू आधी चाटतं.

पोळी-दुधाला तोंड लावत नाही म्हणून बाजारातून सुटं डॉग फूड किलोवर आणलं. दोन दिवस खाल्लं, आता तेही नाही. (वरोरा)

सुट्या मालाला ना तारीख, ना तो पिल्लांचा की मोठ्या कुत्र्यांचा याचा पत्ता. पोतं उघडं राहिलं की त्यातली चरबी खवट होते. ती तुमच्या आधी पिल्लाच्या नाकाला कळते, म्हणून ते तोंड फिरवतं. इथे पिल्लू बरोबर आहे. पावसाळ्यात बुरशी धरलेल्या मालात अफ्लाटॉक्सिन तयार होतं आणि ते यकृत खातं. ‘पपी’ लिहिलेली बंद, लहान पिशवी घ्या, उघडल्यावर महिन्याभरात संपवा, तिच्याच पिशवीत गुंडाळून डब्यात ठेवा. जुन्यावरून नव्या खाण्यावर सात ते दहा दिवसांत जा : आधी चौथाई नवं, मग निम्मं, मग पाऊण.

पोळी-दुधाने पोट भरतं, वाढ होत नाही, आणि दुधाची साखर पुष्कळ पिल्लांना पचत नाही. चार महिन्यांच्या, आठ किलोच्या पिल्लाला दिवसाला साधारण दीडशे ग्रॅम उकडलेलं बिनहाडाचं चिकन, दोन उकडलेली अंडी, अडीचशे ग्रॅम शिजलेला भात आणि चमचाभर तेल, तीन वेळांत वाटून. कांदा, लसूण, रस्सा नाही. शिजलेलं हाड नाही, त्याच्या सुया होतात. घरात मांस चालत नसेल तर अंडी, दही, पनीर, नुसत्या वरणावर भागत नाही. या ताटात कॅल्शियम कमी पडतं, पण सिरप मनाने ओतू नका. लॅब्राडोर, जर्मन शेफर्डसारख्या मोठ्या जातींत जादा कॅल्शियमने हाडं बिघडतात. प्रमाण वजन बघूनच ठरतं.

सहा महिन्यांचं पिल्लू दोन दिवस खात-पीत नाही. आवाज घोगरा झाला, जबडा लोंबतो, लाळ गळते. घशात हाड अडकलं वाटतं. हात घालून बघू का? (कुही)

नाही. अजिबात नाही. हाड अडकलेलंही असू शकतं, पण लोंबता जबडा, बदललेला आवाज आणि गिळता न येणं ही रेबीजचीही लक्षणं आहेत, आणि घशात हात घालून आजवर अनेकांनी तो ओढवून घेतला आहे. पिल्लू चावत नाही, गरीब आहे, असं म्हणू नका. रेबीजचा एक प्रकार असाच गप्प असतो. बंद खोलीत ठेवा, पोरांना दूर करा, पशुवैद्यकांना आधी फोन करून सांगा.

ज्याच्या हाताच्या ओरखड्याला त्याची लाळ लागली असेल त्याने जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवावी आणि आजच प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात लस सुरू करावी. चुना, हळद, मिरची लावू नये. सीरम, म्हणजे रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, लागेल का, ते तिथले डॉक्टर ठरवतील. पिल्लांना रेबीजची लस तीन महिने पूर्ण झाल्यावर द्या.

तालुक्याच्या सरकारी जनावरांच्या दवाखान्यात कुत्रं बघतात का? (घाटंजी)

बघतात. सकाळी जा, संडास डबीत आणि दिलेल्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. तिथून पुढे पाठवलं तर नागपूरला सेमिनरी हिल्सवरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय किंवा अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था.